मुलाखत संपल्यावर लिहायचे पत्र

प्रश्न : मी मेकॅनिकल शाखेची पदवीधर असून गेली चार वर्षे शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) गुणवत्ता विभागात काम करते. गेल्या गुरुवारी चाकण येथे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता अभियंता या पदासाठी माझी मुलाखत झाली. समोर एचआर विभागाच्या बाई, गुणवत्ता विभागाचे प्रमुख आणि प्लांट हेड असे तिघे होते. पाऊण तास बोलणे झाले आणि एकंदरीत मुलाखत बरी गेली. मात्र मोजमाप पद्धत तपासण्याच्या ‘गेज आर अँड आर’विषयीच्या प्रश्नाला मी ‘१० टक्क्यांच्या वर गेले की साधन बाद’ असे उत्तर दिले आणि ते चुकल्याचे परतीच्या बसमध्ये माझ्या लक्षात आले. निकाल पंधरा दिवसांत कळवू, असे त्यांनी सांगितले आहे. पुण्यातील मैत्रीण म्हणते, तिघांनाही आभाराचे पत्र पाठव. तिने तयार मसुदाही दिला आहे. वडिलांना त्यात लाळघोटेपणा दिसतो. काकांच्या ओळखीचे एक गृहस्थ त्याच कंपनीत आहेत, त्यांच्यामार्फत शब्द टाकावा, असे काकांचे म्हणणे आहे. पत्र पाठवावे का, कोणाला आणि कोणत्या भाषेत? चुकलेल्या उत्तराचा त्यात उल्लेख करावा का? माझा धाकटा भाऊ राज्यसेवेची तयारी करत आहे. त्यानेही पुढे मुलाखतीनंतर असे पत्र लिहावे का, असे तो विचारतो. – एक वाचक, हातकणंगले

उत्तर :

स. न. वि. वि.

हे सदर प्रसिद्ध होईपर्यंत तुमच्या पत्राची वेळ टळून गेली असती, म्हणून थोडक्यात उत्तर तुम्हाला आधीच ई-मेलने कळवले होते : पत्र पाठवा, एकच पाठवा आणि चुकलेल्या उत्तराचा त्यात जरूर उल्लेख करा. अशीच विचारणा इतर वाचकांकडूनही होत असल्यामुळे त्यामागची कारणे इथे सविस्तर देत आहे.

सुरुवात तुमच्या वडिलांच्या आक्षेपापासून करतो, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. आपल्याकडे शाळेत जे पत्रलेखन शिकवले जाते त्यात अर्ज असतो, विनंती असते, तक्रार असते आणि अभिनंदन असते. आभार मानायचे ते काम झाल्यावर, म्हणजे देणगी हाती आल्यावर किंवा प्रमुख पाहुणे कार्यक्रम आटोपून परत गेल्यावर. काम होण्याआधीच जो हात जोडतो त्याला काहीतरी हवे आहे, असे आपण गृहीत धरतो, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. मुलाखतीनंतर पाठवली जाणारी बरीचशी पत्रे या समजुतीला पुष्टीच देतात. ‘आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढून माझ्यासारख्या उमेदवाराला संधी दिलीत’ असे सुरू होऊन ‘आपल्या सकारात्मक उत्तराची आतुरतेने वाट पाहत आहे’ असे संपणाऱ्या पत्रात मधल्या सहा ओळींत काय होते, हे वाचणाऱ्याला तासाभराने विचारले तरी सांगता येणार नाही. त्यात घरची परिस्थिती, आईवडिलांच्या अपेक्षा आणि नोकरीची निकड यांची भर पडली, की ते उघडच विनवणीचे पत्र होते. असे पत्र न पाठवलेलेच बरे, एवढ्यापुरते वडिलांचे म्हणणे मला मान्य आहे.

परंतु मुलाखत हा कंपनीने तुमच्यावर केलेला उपकार नव्हे. त्यांना माणूस हवे आहे आणि तुम्हाला काम हवे आहे. त्या तिघांनी पाऊण तास दिला, तशी तुम्हीही एक दिवसाची रजा टाकून कोल्हापूरकडून चाकणपर्यंतची पायपीट केलीत. अशा भेटीत जे बोलणे झाले त्याची पोच देणे आणि जे अर्धवट राहिले ते पुरे करणे, एवढेच या पत्राचे काम आहे. त्यामुळे ज्या पत्रात त्या खोलीत बसलेल्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणालाही लिहिता येणार नाही अशी एखादी तरी ओळ आहे, ते पत्र पाठवण्याजोगे. जे कोणत्याही उमेदवाराने कोणत्याही कंपनीला पाठवले तरी चालेल, ते पाठवू नये.

या पत्राकडून अवाजवी अपेक्षाही ठेवू नका. मुलाखतीनंतर आभार लिहून कळवणे हा अमेरिकेत रुळलेला शिष्टाचार आहे. आपल्याकडे तो बहुराष्ट्रीय कंपन्या आणि आयटी क्षेत्र यांच्यामार्फत येत असला, तरी चाकण किंवा भोसरीच्या कारखान्यात कोणी त्याची वाट पाहत बसलेले नसते. पत्र आले नाही म्हणून कोणाचे नाव सहसा खोडले जात नाही आणि पत्र आले म्हणून नापसंत उमेदवार पसंत ठरत नाही. त्याचा उपयोग होतो तो दोन उमेदवार जवळजवळ सारखे असतील तेव्हा, आणि त्याहूनही अधिक, पहिला उमेदवार गळतो तेव्हा. अनेक मोठ्या कंपन्यांत ६० किंवा ९० दिवसांचा नोटीस पिरियड असतो. निवड झालेला माणूस या दोन-तीन महिन्यांत दुसरीकडची जास्त पगाराची ऑफर मिळवतो, किंवा सध्याची कंपनीच पगार वाढवून त्याला थांबवून घेते, आणि रुजू होण्याच्या दिवशी त्याचा फोन लागत नाही. हा प्रकार एचआरच्या लोकांच्या इतका अंगवळणी पडला आहे, की दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांची कागदपत्रे जाणते अधिकारी लगेच बाजूला टाकत नाहीत. अशा वेळी जुने मेल चाळताना जिचे नेमके, कामाचे बोलणारे पत्र समोर येते, तिला आधी फोन जाण्याची शक्यता वाढते. निकाल पंधरा दिवसांत लागला तरी या पत्राचे आयुष्य त्याहून मोठे असते, हे ध्यानात घ्यावे.

आता तुमच्या चुकलेल्या उत्तराकडे वळतो, कारण तुमच्या बाबतीत पत्र लिहिण्याचे सर्वांत सबळ कारण तेच आहे. ज्या वाचकांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, एकच भाग वेगवेगळ्या माणसांनी पुन्हा पुन्हा मोजला असता आकड्यांत जो फरक पडतो, त्यातला किती साधनामुळे आणि किती मोजणाऱ्या माणसामुळे, हे पाहण्याची पद्धत म्हणजे ‘गेज आर अँड आर’. वाहन उद्योगात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या नियमाप्रमाणे मोजमापातल्या या फरकाचे प्रमाण १० टक्क्यांच्या आत असेल तर मोजमाप पद्धत चांगली, ३० टक्क्यांच्या वर असेल तर अग्राह्य, आणि मधल्या पट्ट्यात असेल तर ते मोजमाप किती महत्त्वाचे आहे, साधन बदलायला किंवा दुरुस्त करायला किती खर्च येईल, हे पाहून निर्णय घ्यायचा असतो. तुम्ही हा मधला पट्टा सरसकट बाद करून टाकलात. गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांच्या ते लक्षात आले नसेल, असे मला वाटत नाही. तुम्हाला नियम माहीत नाही, की गडबडीत चूक झाली, एवढेच त्यांना ठरवता आलेले नसणार, आणि ते ठरवण्याचे साधन तुमच्या हातात आहे. शिवाय तुम्ही ज्या पदासाठी उभ्या आहात त्या पदाचे कामच मुळी चूक वेळीच पकडणे आणि ती झाकून न ठेवता नोंदवणे हे आहे. स्वतःचे उत्तर दुरुस्त करून पाठवणारी गुणवत्ता अभियंता त्या कामाला नालायक कशी ठरेल?

दुरुस्ती मात्र दोन वाक्यांत आटोपली पाहिजे. प्रवासाचा शीण होता, दडपण आले होते, प्रश्न नीट ऐकू आला नाही, यांपैकी काहीही लिहू नये. उत्तर ‘अपुरे राहिले’ असा आडपडदाही ठेवू नये, सरळ ‘चुकीचे होते’ असे म्हणावे. दोन-तीन उत्तरे चुकली असतील तर त्यांतले सर्वांत महत्त्वाचे एक निवडावे, नाहीतर पत्राचे शुद्धिपत्रक होते. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला मुळातच येत नव्हते, ते घरी येऊन पुस्तकात पाहून लिहून पाठवण्यात फारसा अर्थ नाही, कारण कोणालाही ते करता येते.

पत्र कोणाला पाठवायचे, याचे उत्तर सोपे आहे. ज्यांच्या ई-मेलवरून मुलाखतीचे बोलावणे आले त्या एचआरच्या बाईंना, त्याच मेलला उत्तर म्हणून पाठवावे आणि उरलेल्या दोघांपर्यंत ते पोहोचवण्याची विनंती करावी. मुलाखतीत कोणी आपले कार्ड दिले असेल तर त्यांना त्या पत्त्यावर प्रत पाठवायला हरकत नाही. पण लिंक्डइनवर नाव शोधून, कंपनीच्या ई-मेलची धाटणी ओळखून, अंदाजाने पत्ता तयार करून पाठवणे टाळावे. ज्याने पत्ता दिलेला नाही त्याच्या दारात उभे राहिल्यासारखे ते दिसते. तिघांना तीन वेगळी पत्रे पाठवण्याचा मैत्रिणीचा सल्ला मला पटत नाही, कारण तिन्हींत मजकूर तोच असेल तर ते त्यांच्या आपसांतल्या बोलण्यात उघड होते आणि वेगळा असेल तर इतके लिहिण्याजोगे तुमच्यापाशी काही नसते. मुलाखत एखाद्या प्लेसमेंट कन्सल्टंटने ठरवली असेल तर पत्र त्याच्याचमार्फत जावे, आणि कॅम्पस मुलाखत असेल तर महाविद्यालयाच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना विचारून.

भाषा तीच, जिच्यात कंपनीने तुमच्याशी लेखी व्यवहार केला. तुमचे बोलणे निम्मे मराठीत झाले असले तरी बोलावण्याचा मेल इंग्रजीत आला असणार, तेव्हा पत्र साध्या इंग्रजीत लिहा. सहकारी बँक, शिक्षणसंस्था, वृत्तपत्र किंवा सामाजिक संस्था यांच्याकडून मराठीत बोलावणे आले असेल तर उत्तरही निःसंकोच मराठीतच द्यावे. इंग्रजीत लिहिताना ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ ही सरकारी अर्जांतून आलेली वाक्ये वगळावीत. समोरच्या व्यक्तीचे नाव तुम्हाला माहीत आहे, ते लिहावे, आणि लिहिण्याआधी त्याचे स्पेलिंग मूळ मेलमध्ये पाहून घ्यावे. नाव चुकले तर बाकीचे पत्र कितीही नेटके असले तरी त्याचा पुरता विचका होतो, आणि गुणवत्ता विभागात येऊ पाहणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तर विशेषच.

मजकूर कसा असावा याची कल्पना यावी म्हणून तुम्ही कळवलेल्या माहितीवरून आणि फाउंड्रीच्या कामाविषयी मला जे ठाऊक आहे त्यावरून एक मसुदा इथे मराठीत देतो, पाठवताना तो इंग्रजीत लिहा. कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, आणि त्यांतल्या ब्लोहोलची, म्हणजे वायूमुळे आत राहिलेल्या पोकळ्यांची, गोष्ट मी नमुन्यादाखल घातली आहे. तिच्या जागी तुमच्या मुलाखतीत खरोखर जो विषय निघाला असेल तो घाला.

‘विषय : गुणवत्ता अभियंता पदाची गुरुवारची मुलाखत

श्रीमती … यांस,

सप्रेम नमस्कार. गुरुवारी आपण तसेच श्री. … आणि श्री. … यांनी माझ्याशी सविस्तर चर्चा केलीत, त्याबद्दल मी आभारी आहे. बाहेरून येणाऱ्या कास्टिंगमधील ब्लोहोल मशीनिंग झाल्यानंतरच उघडे पडतात आणि तोवर त्या भागावरचा खर्च होऊन गेलेला असतो, ही जी अडचण श्री. … यांनी सांगितली, तिचा मी नंतरही विचार करत होते. मी आजवर पुरवठादाराच्या बाजूने काम केले आहे. वाळूतील ओलावा आणि साच्यातून वायू बाहेर पडण्याची सोय यांच्या रोजच्या नोंदी पुरवठादाराकडून मागवून त्या सदोष भागांच्या तारखांशी ताडून पाहिल्या, तर दोष कोठे उद्भवतो हे बऱ्याच आधी कळू शकेल, असे मला वाटते.

गेज आर अँड आरविषयी मी दिलेले उत्तर चुकीचे होते. १० ते ३० टक्क्यांमधील मूल्य सरसकट बाद न ठरवता मोजमापाचे महत्त्व आणि खर्च पाहून निर्णय घ्यावा लागतो.

चर्चेनंतर या पदावर काम करण्याची माझी इच्छा अधिक पक्की झाली आहे. आणखी माहिती किंवा कागदपत्रे लागल्यास कृपया कळवावे. हे पत्र श्री. … आणि श्री. … यांच्यापर्यंत पोहोचवावे, ही विनंती.

आपली,
(नाव आणि मोबाइल क्रमांक)’

मोबाइलच्या पडद्यावर दोनदा बोट फिरवून संपेल, यापेक्षा हे पत्र मोठे करू नये. त्यात पगाराचा विषय काढू नये, रुजू होण्याच्या तारखेविषयी विचारू नये आणि बायोडेटा पुन्हा जोडू नये. सध्याच्या कंपनीतले रिजेक्शनचे आकडे, ग्राहकांची नावे किंवा कोणत्याही भागाचे ड्रॉइंग यांचा उल्लेख तर चुकूनही नको. इथली गुपिते तिथे सांगणारी उद्या आमचीही बाहेर सांगेल, एवढा हिशेब प्लांट हेड झालेल्या माणसाला येतो. पत्र स्वतःच्या खासगी ई-मेलवरून पाठवावे, फाउंड्रीच्या पत्त्यावरून किंवा तिथल्या संगणकावरून नव्हे.

मैत्रिणीने दिलेल्या तयार मसुद्याचा उपयोग फार तर मांडणी पाहण्यापुरता करा. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेल्या मजकुरालाही तेच लागू होते. इंग्रजी सुधारून घेण्यास माझी हरकत नाही, पण कोणताही तपशील न देता नुसतेच ‘आभाराचे पत्र लिहून दे’ असे सांगितले, तर ते जे पत्र देईल त्यासारखेच पत्र आणखी चार उमेदवारांकडून आलेले असेल.

वेळेविषयी सांगायचे तर मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पत्र जाणे उत्तम. मुलाखत शुक्रवारी संध्याकाळी झाली असेल तर सोमवारी सकाळी पाठवले तरी चालते. चार-पाच दिवस उलटल्यावरही, निकाल कळलेला नसेल आणि सांगण्यासारखे काही असेल, तर पत्र पाठवण्यात कमीपणा नाही. उशिराबद्दल मात्र सफाई देत बसू नये. एचआरकडून सगळे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवरच आले असतील आणि ई-मेलचा पत्ताच नसेल, तर तिथे चार ओळींचा संदेश कार्यालयीन वेळेत पाठवावा; हात जोडल्याची चित्रे, फुले आणि व्हॉइस मेसेज वर्ज्य. तो क्रमांक तुम्हाला मुलाखतीच्या कामासाठी मिळालेला आहे, त्यामुळे दिवाळीच्या शुभेच्छाही त्यावर नकोत.

काकांच्या ओळखीच्या गृहस्थांनी मुलाखतीच्या आधी कंपनीच्या रेफरल योजनेतून तुमचा बायोडेटा पुढे दिला असता, तर त्यात गैर काहीच नव्हते. अनेक कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना तसे करण्यास उत्तेजन देतात. मुलाखत होऊन गेल्यावर त्यांनी प्लांट हेडना फोन केला, तर तो दबाव ठरतो आणि तुमच्या पत्रातल्या प्रामाणिक दुरुस्तीचाही अर्थ बदलतो. काकांचे मन मोडायचे नसेल तर त्या गृहस्थांकडून पुण्याहून कंपनीची बस कुठून सुटते, महिला कर्मचाऱ्यांच्या शिफ्टच्या वेळा काय आहेत, राहण्याची सोय कोणत्या भागात बरी पडेल, ही माहिती मिळवा. ऑफर आली तर निर्णय घेताना तिचा उपयोग होईल.

तुमच्या भावासाठी उत्तर अगदी वेगळे आहे : त्याने असे पत्र मुळीच लिहू नये. लोकसेवा आयोगाच्या मुलाखत मंडळाच्या अध्यक्षांशी वा सदस्यांशी पत्राने, ई-मेलने किंवा फोनने संपर्क साधणे हा वशिला लावण्याचा प्रयत्न समजला जाऊ शकतो, आणि असा प्रयत्न केल्यास उमेदवार अपात्र ठरू शकतो, अशी सूचना भरतीच्या जाहिरातींत छापलेली असते. सार्वजनिक क्षेत्रातील बँका आणि विद्यापीठांच्या निवड समित्या यांनाही हेच लागू आहे. तिथे गुण त्याच दिवशी कागदावर उतरतात, नंतरच्या सौजन्याला त्यात जागाच नसते. खालच्या श्रेणीतील पदांसाठी मुलाखतीत पक्षपाताला वाव राहतो, या कारणावरून केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’च्या पदांसाठी मुलाखती घेणेच थांबवले, यावरून या व्यवस्थेत मुलाखतीकडे किती संशयाने पाहिले जाते ते लक्षात येईल. खोलीतून बाहेर पडताना सर्वांकडे पाहून ‘धन्यवाद’ म्हणावे आणि तो विषय तिथेच संपवावा.

तुमच्याकडे पुन्हा येतो. पंधरा दिवस उलटूनही काही कळले नाही, तर आणखी दोन-तीन कामाचे दिवस जाऊ द्या आणि त्याच मेलखाली, निर्णय झाला असल्यास कळवावा, एवढीच एक ओळ लिहा. त्यालाही उत्तर आले नाही तर तिसऱ्यांदा लिहू नका. नकार आला तर ‘कळवल्याबद्दल आभार, पुढे योग्य जागा निघाल्यास माझा विचार व्हावा’ असे दोन ओळींचे उत्तर द्या, कारण वर सांगितलेली गळती रुजू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत चालू असते. आणि होकार फोनवर आला तरी, पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख यांचा उल्लेख असलेले ऑफर लेटर हाती येईपर्यंत शिरोलीच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.